म्हशीनं लेकीचं दुखणं अंगावर घेतलं का?

पत्र :

डॉक्टर मावशी,

मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे. जन्मली तेव्हा धड रडलीच नाही, निळी पडली. जळगावला नेलं तर डॉक्टर म्हणाले, छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला भोक आहे, आतडी वर चढलीत. चार दिवस मशीनवर ठेवलं आणि पाचव्या दिवशी ऑपरेशन केलं. देवाच्या दयेनं वाचली. कार्डावर 'लेफ्ट बॉखडालेक हर्निया' असं लिहिलंय.

गेल्या महिन्यात आमची म्हैस व्याली. तेव्हापासून तिचं पोट सारखं फुगतं. खात नाही, दूध आटलं, शेण थोडंसंच, तेही काळं आणि चिकट. गावात तीनदा औषधपाणी झालं. दोन दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. शेवटी गाडीत घालून शहरात नेलं, फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, जाळीपोट (पोटाचा पुढचा कप्पा) छातीत गेलंय, दोन तारा पण दिसतात, ऑपरेशन करावं लागेल.

हे ऐकल्यापासून आत्या (माझ्या सासूबाई) म्हणतात, लेकीचं दुखणं म्हशीनं अंगावर घेतलं. आता म्हैस बरी केली तर ते उलटून लेकीवर येईल, म्हणून म्हशीला हात लावू नका. मी गरोदर होते त्या श्रावणात सुतक आलं म्हणून आमच्याकडे कानबाई देवी बसली नव्हती, तेही काढतात. त्यात गेल्या आठवड्यात नानांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, दुर्बिणीच्या तपासणीत 'हायटस हर्निया' निघाला. आता घरात कोणी धड जेवत नाही. ह्यांना म्हशीचं ऑपरेशन करायचंय, पण आईपुढे बोलत नाहीत.

आणि एक. सातव्या महिन्यात ग्रहण होतं, तेव्हा मी विळीवर गवार चिरली होती. दुसऱ्या महिन्यात कपाशीवर फवारणी चालू असताना निंदायला जात होते. चार दिवस ऑपरेशन लांबवलं ते चुकलं का? माझ्यामुळे झालं का हे? दुसरं मूल होऊ द्यावं की नको? खरं सांगा.

– एक सून

उत्तर :

बेटा,

आधी म्हशीच्या ऑपरेशनची तारीख घ्या आणि मग हे पुढचं वाच. माझं उत्तर चार दिवसांनी वाचलंस तरी काही बिघडत नाही, म्हशीला मात्र चार दिवस फार झाले. तुझ्या वयाची माझी धाकटी आहे, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

तुझ्या आत्यांचा मला राग आला नाही. 'जनावरानं घरावरचं संकट अंगावर घेतलं' हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आमचा बैल साप चावून मेला तेव्हा आजोबा दोन दिवस जेवले नव्हते. आजीनं हेच सांगून त्यांना पाटावर बसवलं. गेलेल्या जनावराबद्दल असं बोललं तर माणसाचं दुःख हलकं होतं. पण तुमची म्हैस जिवंत आहे, गोठ्यात उभी आहे आणि फुगलेल्या पोटानं तुमच्याकडे बघतेय.

सगळा घोटाळा त्या एका शब्दानं केलाय. हर्निया म्हणजे आतला अवयव आपली जागा सोडून भलत्या जागेत घुसणं, एवढाच त्याचा अर्थ. तो कसा घुसला आणि का घुसला, हे त्या शब्दात कुठंच येत नाही. अमळनेरच्या बाजारात 'ओ पाटील' म्हणून हाक मारली तर दहा माणसं वळून बघतील, म्हणून ती काही एका आईची लेकरं होत नाहीत. तुमच्या घरातले तीन हर्निये तसेच आहेत.

हा पडदा म्हणजे डायफ्राम, मराठीत श्वासपटल. पातळ मांसाचा घुमट, वर छाती, खाली पोट. आपण श्वास घेतो तेव्हा तो खाली दबतो, छातीत जागा होते आणि हवा आत ओढली जाते. म्हणजे वरच्या खोलीत सतत ओढ आणि खालच्या खोलीत दाब. म्हणूनच पडद्याला कुठंही वाट मिळाली की पोटातलं वर चढतं, छातीतलं खाली उतरत नाही. माणसात आणि म्हशीत ही रचना सारखीच. सारखेपणा तेवढाच.

आता तुझी लेक. बाळ पोटात असताना पडदा एकसंध तयार होत नाही, चार बाजूंनी तुकडे वाढत येतात आणि मध्ये जुळतात. गोधडीचे ठिगळ जोडत आणावे तसं. मागच्या बाजूचं, बहुतेक वेळा डावीकडचं, एक तोंड शेवटी मिटतं, गर्भाच्या साधारण आठव्या ते दहाव्या आठवड्यात. काही बाळांत ते मिटायचं राहून जातं. १८४८ साली प्राग शहरातल्या बॉखडालेक नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं या जागेच्या हर्नियाचं वर्णन केलं, म्हणून तुझ्या कार्डावर त्याचं नाव. अडीच-तीन हजार जन्मांमागे एका बाळाला पडद्याचं हे जन्मजात भोक असतं आणि त्यातल्या दहापैकी आठांना ते डावीकडे असतं. उजवीकडे खाली यकृत आडवं असतं, हे त्याचं एक कारण मानतात. म्हणजे तुझी लेक कुणा शापाची नाही, या हिशोबातली आहे.

त्या भोकातून आतडी, कधी जठर, कधी प्लीहा वर जाते आणि फुप्फुसाच्या वाढीची जागा खाते. खरा त्रास भोकाचा नसतोच, तो लहान राहिलेल्या फुप्फुसांचा असतो. भोक शिवता येतं, फुप्फुस शिवून मोठं करता येत नाही. आणि तुझ्या चार दिवसांच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. पूर्वी अशा बाळाला जन्मल्या जन्मल्या धावत टेबलावर घेत. पुढे कळलं की या बाळांच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दाब फार चढलेला असतो, त्या अवस्थेत चिरलं तर बाळ ऑपरेशन सोसत नाही. म्हणून आता आधी मशीनवर श्वास, नाकातून नळी घालून जठरातली हवा काढणं, दाब उतरवणं, आणि बाळ सावरलं की मग शिवणं. ते चार दिवस डॉक्टरांनी वाया घालवले नाहीत. त्या चार दिवसांनी ती वाचली. सुसज्ज ठिकाणी आजही अशा शंभरातली सत्तरच्या आसपासच बाळं वाचतात. तुझी त्यात आहे. आत्यांना हे मुद्दाम वाचून दाखव.

ग्रहण. मी ग्रहणात चिरलेल्या भाजीच्या इतक्या कहाण्या ऐकल्यात की एक मोठी टोपली भरेल. फाटलेला ओठ, जोडलेली बोटं, आणि आता पडदा. तुझाच हिशोब मांडू. गवार तू सातव्या महिन्यात चिरलीस. पडदा मिटायची वेळ तिसरा महिना सरायच्या आतच संपली होती. विळी तुझ्या हातात आली तेव्हा ते भोक चार महिन्यांचं जुनं होतं. कानबाईचंही तेच. भाऊबंदांत सुतक आलं की कानबाई बसवत नाहीत, हा तिच्याच घरचा नियम. तो तुम्ही पाळलात. नियम पाळणाऱ्या घरावर ती का रागवेल? पुढच्या श्रावणात कानबाई थाटात बसवा.

फवारणीचा प्रश्न मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. उंदरांच्या प्रयोगात दोन गोष्टी दिसल्या आहेत. १९४१ साली अमेरिकेत डोरोथी अँडरसन या डॉक्टरबाईंनी 'अ' जीवनसत्त्व नसलेला चारा उंदरांच्या माद्यांना दिला, तेव्हा काही पिल्लं पडद्याला भोक घेऊन जन्मली. पुढे नायट्रोफेन नावाचं एक तणनाशक गाभण मादीला दिलं की पिल्लांत तसाच हर्निया होतो हे कळलं, आणि या आजाराचा अभ्यास प्रयोगशाळांत अजूनही त्याच पद्धतीनं होतो. पण तिथं ते औषध मोजून, ठरलेल्या दिवशी, मादीच्या पोटात घातलेलं असतं. शेतात निंदायला गेलेल्या बाईला त्यामुळे असं बाळ झालं, असं माणसांत सिद्ध झालेलं नाही. बहुतेक बाळांत कारण सापडतच नाही, काहींत गुणसूत्रांचा किंवा एखाद्या जनुकाचा दोष सापडतो. तेव्हा मागचं स्वतःवर ओढून घेऊ नकोस. पुढच्या वेळी मात्र फवारणीच्या शेतात पाय ठेवायचा नाही. या एका आजाराचं सोड, ते औषध गरोदर बाईला इतर कारणांनीही वाईटच. आणि हे वाचून कुणी मेडिकलमधून 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून गरोदर बाईला देऊ नका. ते जास्त झालं तरी गर्भात व्यंग होतं. मेथी, शेवग्याचा पाला, गाजर, पिकलेली पपई, दूध यांतून मिळतं तेवढं बस.

दुसरं मूल? होऊ द्या, पण घाईनं नको. बाळाला दुसरं कुठलं व्यंग नसेल, तर पुढच्या बाळाला हाच त्रास होण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास. म्हणजे अठ्ठ्याण्णव वेळा नाही. त्याआधी लेकीची गुणसूत्रांची तपासणी झाली आहे का, ते कार्डावर बघ. नसेल तर जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांकडे दोघं नवरा-बायको एकदा जा. ते विचारतील, लग्न नात्यात झालंय का. मामाच्या मुलाशी झालं असेल तर लाजू नका, सांगा. आणि दिवस राहिले की अठरा ते वीस आठवड्यांतली सोनोग्राफी साध्या ठिकाणी करू नका, गर्भाचीच सोनोग्राफी करणाऱ्या तज्ज्ञाकडे करा, पहिल्या बाळाला काय झालं होतं ते आधी सांगून. भोक असलं तर बहुतेकदा तिथं दिसतं, जठर छातीत हृदयाशेजारी दिसतं. नेहमीच दिसतं असं मात्र नाही, तुझ्या वेळी दिसलं नाहीच. आणि दिसलं तर बाळंतपण गावात नाही, तालुक्यातही नाही. नवजात बाळांचं अतिदक्षता केंद्र आणि लहान मुलांचे सर्जन एका छपराखाली आहेत, तिथंच. अशा बाळाला जन्मल्यावर तोंडावर मास्क लावून पिशवीनं हवा मारली की ती हवा छातीत चढलेल्या आतड्यांत भरते आणि फुप्फुस आणखी दबतं. थेट श्वासनळीत नळी घालावी लागते. हे ज्याला आधीच माहीत आहे त्याच्या हातात बाळ जन्मावं, एवढीच ती धडपड.

तुझ्या पत्रात लेकीच्या आत्ताच्या तब्येतीबद्दल एक ओळ नाही. मला त्याची जास्त काळजी वाटली. ऑपरेशन झालं, टाके निघाले, म्हणजे संपलं असं आपल्याकडे धरतात. या मुलांची पुढची दोन-तीन वर्षं नीट बघावी लागतात. वजन दर महिन्याला मांड, दूध वर येण्याचा त्रास यांना फार असतो आणि त्यानं वजन मार खातं. कान तपास. जन्माच्या वेळी कानाची तपासणी चांगली आली असली तरी यांच्यातल्या काहींचं ऐकणं पुढे हळूहळू कमी होतं. मुलगी उशिरा बोलते म्हणून सगळे 'बापावर गेली' म्हणत बसतात आणि तिला ऐकूच येत नसतं. तालुक्याच्या शाळा-अंगणवाड्यांत फिरतं ते बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक जन्मजात व्यंगाच्या मुलांना जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतं, तिथं कान, वाढ, सगळं बघतात. आशाताईला सांग, ती नाव घालेल. चुलीचा धूर आणि घरातली विडी तिच्यापासून लांब, फुप्फुस अजून भरून येतंय. लसी एकही चुकवू नकोस. आणि हिरवी उलटी, पोट फुगणं, एकाएकी धाप, यातलं काही झालं तर रात्र असो, लग्न असो, गाडी काढायची. शिवलेली जागा क्वचित पुन्हा उसवते, विशेषतः मोठ्या भोकाला कृत्रिम कापडाचं ठिगळ लावलं असेल तर. तुझ्या कार्डावर 'पॅच' असा शब्द आहे का बघ.

आता म्हैस. मी माणसांची डॉक्टर, म्हणून हा भाग माझ्या भाच्याला विचारून लिहितेय. तो पशुवैद्यक आहे आणि तुझं पत्र वाचून पहिलं वाक्य काय बोलला माहीत आहे? "मावशी, यांनी गेल्या वर्षी बांधकाम काढलं होतं का विचार."

मला माहीत नाही बेटा, पण तू आठवून बघ. स्लॅबच्या सळया बांधायची तार, तिचे बोटभर तुकडे अंगणात पडतात. कडबाकुट्टी तिथंच असते. दादर ज्वारीचा कडबा कापला, तुकडे त्यात मिसळले. कुंपणाची तार, जुन्या खराट्याची तार, गोधडी शिवायची सुई, चपलेचा खिळा, सगळं चालतं. शेळी पाला निवडून खाते, म्हैस तसं करत नाही. जिभेनं घास ओढते आणि अर्धवट चावून गिळते, चावायचं काम नंतर रवंथाला. लोखंड जड, ते कोटीपोटातून, म्हणजे पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यातून, पुढच्या जाळीपोटात जाऊन बसतं. मधमाशीच्या पोळ्यासारखी त्याची आतली बाजू, त्या खणांत टोक अडकतं. आणि जाळीपोट कुठं असतं? पडद्याला अगदी टेकून. पडद्यापलीकडे चार बोटांवर हृदय. जाळीपोट सारखं आकसतं आणि प्रत्येक आकसण्यासरशी तार पुढे सरकते.

त्यातून पडद्याला आधी जखम होते, तिथं सूज, पू, कमकुवतपणा. मग शेवटच्या महिन्यांत वाढलेल्या गर्भाचा रेटा आणि विताना दिलेल्या कळा. तिथंच पडदा फाटतो. म्हणून असं बहुतेकदा गाभणपणाच्या शेवटी नाहीतर व्याल्यावर उघडकीला येतं, तुमच्या म्हशीसारखंच. गायीपेक्षा म्हशीत हे कितीतरी जास्त दिसतं, आणि वर चढतं ते बहुधा जाळीपोटच. ते छातीत अडकलं की पोटातला वायू आणि चारा पुढे सरकत नाही. म्हणून फुगतं, नळी घालून वायू काढला की उतरतं, दोन दिवसांनी पुन्हा फुगतं. शेण थोडं, काळं, चिकट. तुमच्या गावच्या डॉक्टरांनी तीनदा औषध दिलं त्यांना नावं ठेवू नका. फुगलेल्या म्हशीला पहिलं औषध तेच असतं. पण दोन-तीनदा फुगून उतरून पुन्हा फुगली, तर गाडी भाड्यानं घेऊन फोटो काढायचा. ते तुम्ही केलंत, बऱ्याच घरांत करत नाहीत.

आता बघ, तुझ्या लेकीचा पडदा तारेनं फाटला नाही आणि म्हशीचा पडदा ती पारडू असताना चांगला मिटलेला होता. लेकीचं भोक तू दोन-अडीच महिन्यांची गरोदर असतानाचं, म्हशीचं गेल्या काही महिन्यांतलं. एकीकडून दुसरीकडे जायला मध्ये रस्ताच नाही. दुधातून नाही, हवेतून नाही, नजरेतून नाही. हा संसर्गाचा आजार नाही. म्हशीच्या पारडीलाही तो लागणार नाही. औषधं चालू आहेत तोवर दूध वापरू नका एवढंच, तेही अँटिबायोटिकमुळे. किती दिवस, ते डॉक्टर सांगतील.

ऑपरेशन दोन टप्प्यांत होतं. आधी डाव्या कुशीवर चिरा देऊन कोटीपोट उघडतात, खांद्यापर्यंत हात आत घालून चारा उपसतात, तारा काढतात आणि आतूनच चाचपून भोक कुठं, केवढं, काय चिकटलंय ते बघतात. हा टप्पा म्हैस उभी असतानाच, जागा बधिर करून. पोट रिकामं झालं की बहुधा एक-दोन दिवसांनी दुसरा टप्पा. तिला भूल देऊन उताणी पाडतात, छातीच्या हाडामागे पोटाला चिरा देतात, जाळीपोट खाली ओढून घेतात आणि भोक जाड दोऱ्यानं शिवतात. पोट आधी रिकामं करायचं ते एवढ्यासाठी की भरल्या पोटाची म्हैस उताणी झाली तर तिचा श्वासच दबतो आणि चारा घशात येतो. जोखीम आहे. भाचा स्पष्ट बोलला, लवकर आणलेली बऱ्याचदा सावरते, महिना-दोन महिने फुगत राहून हाडं दिसायला लागलेली आणली तर टेबलावर जाते. जाळीपोट फुप्फुसाला घट्ट चिकटलं असेल तरी अवघड. आणि तार हृदयाच्या पिशवीत शिरली असेल, गळ्याखाली पोळीला सूज आणि मानेच्या शिरा दोरखंडासारख्या ताठ असतील, तर ऑपरेशनचा खर्च करू नका असं तो स्वतःच सांगतो. तुमच्या म्हशीच्या पोळीला सूज आहे का, ते नेण्याआधी बघून ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. ऑपरेशन कुठं होईल त्याची चौकशी जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात करा. वाटेत किंवा रात्री फुगली तर १९६२ हा जनावरांचा मदत क्रमांक आहे. तिला नेताना पुढचे पाय उंचावर राहतील अशी उभी करा, गाडीत पेंढ्या टाकून. पुढचं अंग वर राहिलं की पोट मागे सरकतं आणि तिला श्वास लागतो तो जरा कमी होतो.

गोठ्यात आणखी जनावरं असतील तर प्रत्येकाच्या पोटात एक लोहचुंबक सोडून घ्या. बोटाएवढा असतो, डॉक्टर घशातून सोडतात, तो जाळीपोटात जाऊन बसतो आणि तारा स्वतःला चिकटवून धरतो, टोचू देत नाही. एकदा घातला की जन्मभर पुरतो. कुट्टीच्या तोंडाशीही एक मोठा चुंबक बांधा. भाचा म्हणतो, पहिल्या आठवड्यात त्याला काय काय चिकटतं ते बघून लोक अंगणच झाडायला लागतात.

नानांचं मी थोडक्यात उरकते, कारण त्यांचं खरंच थोडकं आहे. पडद्याला काही वाटा देवानंच ठेवल्यात, रक्तवाहिन्यांसाठी आणि अन्ननलिकेसाठी. वय वाढलं, पोट सुटलं की अन्ननलिकेची वाट सैल पडते आणि जठराचा वरचा भाग तिच्यातून थोडा वर सरकतो. पन्नाशीपुढच्या कितीतरी माणसांत हे असतं, अनेकांना पत्ताही नसतो. त्यातले शंभरात पंच्याण्णव असे सरकतेच असतात, त्यांना सहसा ऑपरेशन लागत नाही. छातीत जळजळ आणि आंबट पाणी, एवढाच त्रास. हिवाळा आहे, भरीत आणि कळण्याची पुरी सोडा असं खान्देशी माणसाला सांगायची माझी हिंमत नाही. पण शेतातली भरीत-पार्टी रात्री दहाला आणि साडेदहाला खाटेवर आडवं, हे बंद. जेवण आणि झोप यात तीन तास. खाटेच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली विटा, सहा-आठ इंच. उशांवर उशा रचू नका, त्यानं पोट आणखी दुमडतं. डाव्या कुशीवर झोपावं. तंबाखू सुटली तर अर्धं दुखणं जाईल. ॲसिडची गोळी जेवणाआधी अर्धा तास, जेवणानंतर नाही. घास अडकणं, काळी शौच, वजन उतरणं यातलं काही असेल तर पुन्हा दाखवा. आणि छातीत दुखून घाम फुटला तर 'माझा तो हर्निया आहे' म्हणून सोडा पीत बसू नका, आधी ईसीजी काढा. हे नानांना मोठ्यानं वाचून दाखव.

तुमच्या घरात नाही, पण हायवेलगतच्या गावांत राहणाऱ्यांसाठी एक सांगते. पडदा मारानंही फाटतो. मी नवीन असताना ट्रॅक्टर उलटून छाती-पोट दबलेला एक पोरगा आला होता. फोटोत छातीच्या डाव्या बाजूला हवा आणि पाणी दिसत होतं, मी नळी घालायची तयारी केली. थोरल्या डॉक्टरांनी माझा हात धरला आणि नाकातून जठरात नळी घालून पुन्हा फोटो काढायला लावला. ती नळी छातीत दिसली. ती हवा जठरातली होती, मी जठरच टोचलं असतं. असा फाटलेला पडदा कधी महिन्यांनी, वर्षांनी त्रास देतो, तेव्हा जुना अपघात डॉक्टरांना आठवणीनं सांगावा. गाडीखाली सापडलेल्या कुत्र्या-मांजरांतही हेच होतं. बाहेरून खरचटलेलंही नसतं आणि ते बसून मान लांब करून श्वास घेत राहतं. त्याला मुका मार म्हणून सोडू नका, फोटो काढा. त्यांचं ऑपरेशन बऱ्याचदा यशस्वी होतं.

राहता राहिल्या आत्या. त्यांच्याशी वाद घालू नकोस, जिंकलीस तरी त्यांची भीती जाणार नाही. मंगळग्रहाच्या मंदिरात शांती करायची असेल तर करू देत, ती म्हैस गाडीत चढायच्या आदल्या दिवशी आटोपू देत. तुझ्या नवऱ्याला मात्र बोलावं लागेल. 'आई, म्हैस मेली तर लेकीसाठी दूध कुठून आणायचं?' एवढं त्यानं विचारावं, बाकी काही नको. आणि डॉक्टरांनी तारा काढल्या की त्या मागून घ्या. धुऊन, कागदात बांधून घरी आणा आणि आत्यांच्या हातावर ठेवा. त्यांना त्या कुठल्या स्लॅबच्या आहेत ते तुझ्याआधी ओळखू येईल.

लेकीच्या कानाच्या तपासणीची तारीख मिळाली की मला कळव.

– तुझी डॉक्टर मावशी